चूक टांकसाळीतली की टांकसाळीबाहेरची?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापुरात किराणा दुकान चालवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "गल्ल्यात दोन वेगळी नाणी सापडली. एक २०१४ सालचं दोन रुपयांचं. त्यावरचे सिंह उजवीकडे सरकलेत आणि डाव्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी आहे. दुसरं पाच रुपयांचं पिवळं. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंहच आहेत, आकडा कुठेच नाही. ही खरी आहेत का? व्हिडिओत सांगतात तसे लाखो रुपये मिळतात का? आणि अशी नाणी जमवायची तर सुरुवात कशी करू?"

दोन्ही नाणी आधी वजन करून बघा, मग पुढचं बोलू. दुकानातला काटा चालणार नाही, सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. दोन रुपयांचं ते नाणं ४.८५ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, पाचचं पिवळं ६ ग्रॅमच्या आसपास. वापरून झिजलेलं नाणं किंचित हलकं भरतं, तेवढं चालतं. पण पाव-अर्ध्या ग्रॅमचा फरक निघाला तर त्याचं कारण शोधावंच लागेल. सोनाराकडे जाताना एक लोहचुंबकही न्या. दोनचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, ते चुंबकाला घट्ट चिकटेल. पाचचं निकेल-पितळेचं आहे, ते चिकटता कामा नये.

वजनापासून सुरुवात का, ते सांगतो. मी बावीस-तेवीस वर्षं ही नाणी जमवतो आहे. सुरुवातीला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जायचो. तिथे एक वयस्कर काका यायचे, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मी मोठ्या उत्साहाने काहीतरी दाखवलं की ते नाणं हातातही न घेता विचारायचे, "हे मशीनवर कसं झालं ते सांग." मला सांगता यायचं नाही. मग ते म्हणायचे, "तुला सांगता येत नाही तोवर ती चूक नाही, नुसतं बिघडलेलं नाणं आहे." मला आजवर मिळालेलं सगळ्यात उपयोगाचं शिक्षण हेच. टांकसाळीत नाणं ठरावीक पायऱ्यांनी घडतं. हातातली चूक त्यातल्या एका पायरीवर नेमकी बसवता आली, तरच ती टांकसाळीची. नाही बसली, तर ते नाणं बाहेर आल्यावर कोणीतरी ठोकलंय, घासलंय, तापवलंय किंवा चिकटवलंय.

त्या पायऱ्या एकदा नीट समजून घ्या. धातूचा लांब पत्रा यंत्रात सरकत जातो आणि लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापाव्यात तशा, भोकांची जाळी मागे ठेवत, त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन चकचकीत करतात. मग दोन पट्ट्यांमधून गडगडत नेऊन त्यांची कड थोडी उभारतात, कारण सपाट चकतीवर नाण्याची काठ नीट उठत नाही. शेवटी प्रेस. खालचा एक ठसा, वरचा एक ठसा आणि चकतीभोवती एक पोलादी कडं, ज्याला सगळे कॉलर म्हणतात. एका दणक्यात दोन्ही बाजू छापल्या जातात. धातू बाहेर पसरायला बघतो आणि कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं नेमकं गोल आणि नेमक्या मापाचं निघतं. आजच्या प्रेस मिनिटाला शेकडो नाणी छापतात. एवढ्या वेगात एखादी चकती कॉलरमध्ये बसली नाही, एखादं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर ते तिथल्या तिथे डोळ्याला दिसणं शक्य नसतं. पुढे चाळण्या आणि मोजणीची यंत्रं असतात, आणि वेडंवाकडं नाणं बहुतेक तिथेच अडकतं. जी मोजकी निसटतात, ती तुमच्या-आमच्या गल्ल्यात येतात.

आता तुमचं दोन रुपयांचं नाणं. सिंह उजवीकडे सरकलेले, डावीकडे कोरी कोर. याच्या दोन शक्यता आहेत आणि त्यांत फार मोठा फरक आहे. नाण्याची कोरी कोर अंगठा आणि तर्जनीत धरा. बोटं न हलवता नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा आणि दुसरी बाजू बघा. त्याच जागी, बोटाखाली, तिथेही कोरं आहे का? असेल तर चकती प्रेसमध्ये जागेवर बसलीच नव्हती आणि दोन्ही ठसे तिच्या एका कडेला पडले. हे खरं ऑफ सेंटर नाणं. कॉलर नसल्यामुळे धातू मोकळा पसरतो, म्हणून हे नाणं पूर्ण गोल नसतं. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, मोजलंत तर कुठेतरी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरेल. वजन मात्र बरोबर असेल, कारण धातू गेलेला नाही, नुसता पसरला आहे. कोऱ्या भागात चकतीची आधी उभारलेली कडही बोटाला लागेल.

दुसरी बाजू मात्र जवळपास नीट असेल, नाणं गोल असेल आणि माप बरोबर २५ मिलिमीटर असेल, तर एकच ठसा जागेवरून हलला होता. हीदेखील टांकसाळीचीच चूक आहे, पण हलकी. तुमच्या वर्णनात मागच्या बाजूबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी इथेच थांबतो. बहुतेक जण सिंहांच्या बाजूचाच फोटो पाठवतात आणि खरा निकाल दुसऱ्या बाजूवर असतो.

पाच रुपयांच्या नाण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. दोन्ही बाजूंना सिंह, आणि दोन्हीकडे वर उठलेले, सुलट, वाचता येतील असे, असंच ना? मग ते बहुधा टांकसाळीतलं नाही. जादूगार वापरतात ती दुतोंडी नाणी अशीच असतात. एका नाण्याचं पोट लेथवर कोरून काढतात, फक्त कड ठेवतात. दुसऱ्याची कड उतरवून ते पहिल्याच्या पोटात बेताने बसवतात आणि चिकटवतात. नजरेला काही कळत नाही.

असं एक नाणं मी २००५ साली एका प्रदर्शनात चांगली किंमत मोजून घेतलं होतं. विकणारा शपथेवर सांगत होता आणि मी विश्वास ठेवला. घरी येऊन दहापट भिंगाखाली कड बघितली, तेव्हा एका बाजूला कडेच्या आतल्या अंगाला, काठ जिथे संपते आणि सपाट भाग सुरू होतो तिथे, केसाएवढी बारीक रेघ गोल फिरलेली दिसली. सुईचं टोक तिच्यावरून नेलं तर ते एका जागी अडलं. मग ते नाणं आणि त्याच जातीचं साधं नाणं लाकडी पाटावर एकामागून एक टाकलं. साधं खणखणलं, माझं बद्द वाजलं. बंदा रुपया खणखणीत वाजतो असं आपण म्हणतो, ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. सलग धातू आणि चिकटवलेला धातू यांचा आवाज कानाला सहज ओळखता येतो. त्या दिवसापासून काटा, भिंग आणि चुंबक यांच्याशिवाय मी एकही नाणं विकत घेतलेलं नाही.

खरोखर दोन्ही बाजूंना सिंह असलेलं आणि टांकसाळीतूनच आलेलं नाणं बहुतेक वेळा वेगळं दिसतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. समजा एक नाणं छापून झालं आणि बाहेर पडण्याऐवजी आकड्याच्या ठशालाच चिकटून राहिलं. त्याची सिंहांची बाजू आता उघडी आहे. पुढची चकती आली. तिला एका बाजूने सिंहांचा खरा ठसा लागला आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेलं नाणं लागलं. त्या नाण्यावरचे उठावदार सिंह नव्या चकतीत खड्डा होऊन उतरले. म्हणजे एका बाजूला नेहमीचे सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत खोल गेलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्याकडचे व्यापारी लखी म्हणतात.

माझं पहिलं ब्रॉकेज एका डेअरीच्या गल्ल्यातून आलं. १९९८ चा स्टीलचा रुपया, धान्याच्या लोंब्यांचा. मी सुटे घेऊन मोजत होतो आणि बोटाला खड्डा लागला. डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं. उलटून बघितलं तर जिथे लोंब्या आणि 'रुपया' असायला हवं, तिथे सिंह आत कोरल्यासारखे आणि 'भारत' उलटा. आरशासमोर धरला तर आरशात तो सुलट वाचता आला. तो रुपया मी आजवर विकलेला नाही आणि विकणारही नाही.

ब्रॉकेजमध्येही प्रत असते. चिकटलेल्या नाण्यावर पहिलाच दणका बसला असेल तर उलटं चित्र धारदार आणि मापात येतं. ते नाणं तसंच राहून पुढे पाच-पंचवीस दणके खाल्ले तर स्वतःच पसरत जातं, टोपीसारखं ठशावर बसतं, आणि पुढच्या नाण्यांवर उमटणारं चित्र मोठं, पुसट आणि वेडंवाकडं होत जातं. पहिल्या दणक्याचं दुर्मीळ, पण मला पसरलेलंही आवडतं. प्रेसमध्ये त्या क्षणी काय चाललं होतं, ते त्यात दिसतं.

याचीही नक्कल होते. दोन नाणी व्हाइसमध्ये एकमेकांवर ठेवून आवळली की एकाची अक्षरं दुसऱ्यावर उलटी आणि आत उमटतात. पण तिथे आधीचं चित्र खाली चेपलेलं दिसतं, म्हणजे लोंब्याही दिसतात आणि त्यांच्यावर उलटे सिंहही. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला लोंब्या उमटलेल्याच नसतात, कारण त्या ठशाने चकतीला स्पर्शच केलेला नसतो. इथेही काकांचाच प्रश्न: मशीनवर कसं झालं?

कापलेलं नाणं, ज्याला संग्राहक क्लिप म्हणतात, याच प्रश्नाने ओळखा. पत्रा पुरेसा सरकला नाही तर चकत्या कापणारा पंच आधीच्या भोकाच्या काठावर पडतो आणि चकतीला चावा घेतल्यासारखा गोल तुकडा कमी पडतो. तो तुकडा छापण्याआधीच गेलेला असतो, म्हणून छापताना धातू त्या रिकाम्या बाजूकडे थोडा ओघळतो आणि तिथली अक्षरं ताणल्यासारखी, पातळ होतात. आणखी एक खूण बघा. चाव्याच्या बरोबर समोरच्या कडेला नाण्याची काठ कमी उठलेली असते. कड उभारणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब मिळत नाही. जगभरचे संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानशीने कापलेल्या नाण्यात ही खूण आणणं अवघड आहे. तिथे अक्षर मध्येच सपकन तुटलेलं दिसतं आणि समोरची काठ ठणठणीत असते. मात्र ही खूण प्रत्येक खऱ्या क्लिपमध्ये सारखीच ठळक दिसेल असं नाही, म्हणून ती नाही एवढ्याचवरून नाणं फेकून देऊ नका.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे फिरलेला ठसा. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सुलट असतात. सिंह सरळ धरून नाणं पान उलटल्यासारखं उलटलं की आकडाही सरळ दिसतो. अमेरिकेच्या नाण्यांचं तसं नाही, तिथे ते खालून वर उलटावं लागतं. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली नाणी बघताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळी अमेरिकी नाणी चुकीची वाटतील. ठसा प्रेसमध्ये ढिला झाला की तो हळूहळू फिरतो आणि आकडा तिरपा येतो. दहा-पंधरा अंशांचं फिरणं इतकं नेहमीचं आहे की मी ते बाजूलाही काढत नाही. काटकोनात फिरलेलं ठेवतो. पूर्ण उलटं, १८० अंशांचं मिळालं तर त्या दिवशी घरी सगळ्यांना दाखवतो. सुरुवात करणाऱ्याने यापासूनच करावी असं माझं मत आहे. हात बसतो, नाणं उलटण्याची सवय लागते आणि खर्च शून्य.

ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उठलेली रेघ येते. ठशाच्या एखाद्या अक्षरात वंगण आणि धूळ साचली की ते अक्षर किंवा त्याचा कानाच उमटत नाही. स्टीलची नाणी बघताना या दोन्हींकडे लक्ष द्या. १९८८ पासून १०, २५ आणि ५० पैशांची आणि १९९२ पासून रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलमध्ये आली. स्टील तांबे-निकेलपेक्षा कडक असल्याने ठशांना जास्त मार बसतो. रेघ उठलेली आहे की ओरखडा आत गेलाय, एवढं भिंगाखाली पाहिलं की काम झालं. ठशाचा तडा नाण्यावर नेहमी वर उठतो. आत गेलेली रेघ रस्त्यावरची.

दहा आणि वीस रुपयांच्या दुरंगी नाण्यांत एक वेगळाच प्रकार असतो. बाहेरचं कडं आणि मधली चकती वेगवेगळी असतात आणि छापण्याच्या दणक्यातच एकमेकांत बसतात. मधली चकती तिरकी पडली की तिचा धातू कड्यावर ओघळतो आणि त्या ओघळलेल्या भागावरही चित्र छापलेलं दिसतं. ही खरी चूक. नुसतं कडं किंवा नुसता मधला भाग कोणी विकायला आणला तर सावध व्हा. छापून झालेलं नाणं तापवून किंवा ठोकून मधला भाग बाहेर काढता येतो आणि उलटा करून परतही बसवता येतो. कडं मधल्या चकतीशिवायच छापलं गेलं असेल तर आतल्या भोकाकडे धातू पसरलेला दिसतो, भोक नेमक्या मापाचं राहत नाही. भोक गुळगुळीत, नेमकं आणि अक्षरं बरोबर काठावर संपलेली असतील, तर मधला भाग नंतर काढलेला आहे.

आता ज्या चुका नाहीतच, त्यांबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निदान सात फोटो याच गटातले असतात.

"टांकसाळीची खूणच नाही, एरर आहे" असं म्हणून रोज कोणीतरी नाणं दाखवतं. सालाखाली मुंबईची खूण पत्त्यांतली चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकाता खूणच टाकत नाही. म्हणजे खूण नसलेलं नाणं हे कोलकात्याचं साधं नाणं. १९८५ च्या रुपयावर 'एच' अक्षर दिसलं तर तीही चूक नाही. त्या वर्षी नाणी कमी पडत होती म्हणून काही रुपये परदेशात पाडून घेतले, आणि ते अक्षर बर्मिंगहमच्या हीटन टांकसाळीचं आहे.

दहाच्या नाण्यावर किरण दहा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, यावरून आजही भांडणं होतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले होते आणि सगळे चालतात. तुम्ही दुकानदार आहात. दहाचं नाणं नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे नक्की सांगा.

मागे एक तरुण मुलगा मोठ्या आशेने माझ्याकडे आला. त्याच्याकडे एक लहान रुपया होता. तो २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम होता. त्याने जुन्या ५० पैशांचं माप शोधून काढलं होतं, तेही बरोबर २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम. म्हणजे रुपया ५० पैशांच्या चकतीवर छापला गेला, असा त्याचा निष्कर्ष. त्याची पद्धत अगदी योग्य होती, मला ती मनापासून आवडली. पण २०११ च्या मालिकेत रुपया स्वतःच त्या मापाचा झाला. दोन रुपयांनी जुन्या रुपयाचं माप घेतलं, २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. चकती खरोखर चुकीची असती तर मोठ्या नाण्याचं चित्र लहान चकतीवर मावलं नसतं, कडेची अक्षरं कापली गेली असती. त्याच्या रुपयावर सगळी अक्षरं जागच्या जागी होती. तो मुलगा आता दर महिन्याला काहीतरी दाखवायला येतो आणि मोजमापात आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

आणि शिवराई. आपल्या भागात घरोघरी एखादी शिवराई असते आणि तिच्यावरचं 'श्री राजा शिव' अर्धंच दिसतं, म्हणून लोक ती ऑफ सेंटर म्हणून विकतात. शिवराई हाताने ठोकलेली आहे. ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर त्याचा थोडा-थोडाच भाग यायचा. तिथे ती चूक नाही, तीच रीत. एकसारखं नाणं हे यंत्र आल्यानंतरचं. शिवराईचं मोल तिच्या इतिहासात आहे, तिला एररची चिठ्ठी लावू नका.

लाखो रुपयांचं काय? तुमच्या मनात हाच प्रश्न पहिला असणार, तरी मी तो मुद्दाम इथवर मागे ठेवला. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाचचं नाणं, गेंड्याचे २५ पैसे, अशी भरपूर निघालेली नाणी लाखांना विकली जातात असं सांगणारे लोक नाणं विकत घेत नाहीत. ते आधी नोंदणी फी मागतात, मग कर, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना जाहीरपणे सावध केलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती असे पैसे कधीच मागत नाही. ओळखीतल्या एका आजींचे पेन्शनचे पैसे असेच गेले, म्हणून कळकळीने सांगतो. नाणं विकण्यासाठी आपण आधी पैसे भरायचे नसतात. कोणी मागितले तर तिथेच फोन ठेवा.

खरी किंमत दोन जाणकार संग्राहकांना एकच नाणं हवं असतं तेव्हा ठरते. चूक लांबूनही दिसते का, हे पहिलं. ऑफ सेंटर असेल तर किती सरकलंय, आणि एवढं सरकूनही साल आणि टांकसाळीची खूण दिसते का, हे दुसरं. अर्धं कोरं आणि तरी साल पूर्ण वाचता येणारं नाणं मी नेहमी वरच्या पायरीवर ठेवतो. कमी सापडणारी जात, कमी झिजलेलं अंग, हे पुढचं. फिरलेला ठसा आणि बारीक तडे यांना किरकोळ भाव. ब्रॉकेज, मोठं ऑफ सेंटर, चुकीच्या चकतीवरचं नाणं, यांना चांगला. तुमचं दोन रुपयांचं नाणं दोन्ही बाजूंनी सरकलेलं निघालं तर घेणारा नक्की मिळेल, पण त्यावर घर होणार नाही. पहिल्याच भावाला देऊ नका. एक-दोन प्रदर्शनं फिरा, तशीच नाणी कशी मांडलीत आणि प्रत्यक्षात कितीला जातात ते बघा, मग ठरवा.

शोधण्याच्या बाबतीत तुमच्यासारखा नशीबवान कोणी नाही. आता बहुतेक लोक फोनवरून पैसे देतात, हातात नाणी येणंच कमी झालंय. मी डेअरी, रिक्षास्टँड आणि देवळाच्या दानपेटीकडे जातो. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या नोटा देऊन घेतो, बघतो आणि मोजून परत देतो. तुमच्याकडे ती आपोआप येतात. रात्री गल्ला मोजताना आधी एकाच किमतीच्या नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावा आणि वरून नाही, बाजूने बघा. कड जाड, पातळ, पायरीसारखी किंवा बाहेर आलेली असेल तर चळतीत लगेच कळते. कॉलर अर्धीच वर आली असेल तर कडेला रेल्वेच्या चाकासारखा पट्टा दिसतो, तो फक्त बाजूनेच दिसतो. मग एकेक नाणं पान उलटल्यासारखं उलटा. सवय झाली की शंभर नाण्यांना फार वेळ लागत नाही. बहुतेक रात्री काहीच मिळणार नाही. माझे सलग सात-आठ महिने कोरडे गेलेत, आणि तरी चळत लावताना हाताला तीच उत्सुकता असते.

सापडलेलं नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, काही नको. मळ राहिला तरी चालेल, घासल्याचे ओरखडे मात्र कायमचे राहतात. नाणं कडेला धरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो, म्हणून पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा. सोलापूरची हवा कोरडी, तुम्हाला फार त्रास नाही. कोकणातल्या आणि मुंबईच्या लोकांना डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी लागते. होल्डरवर सापडल्याची तारीख, जागा, वजन आणि माप लिहा. कोणत्या पायरीवर काय झालं असावं, तेही एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता आली नाही तर नाणं वेगळ्या डब्यात टाका. माझ्याकडे असा एक डबा आहे. त्यातली दोन नाणी दहा-बारा वर्षांनी उलगडली आणि बाहेर आली.

एक गोष्ट कायद्याची. चुकलेलं नाणं जवळ ठेवणं, विकणं, विकत घेणं यात काही गैर नाही. पण नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "प्रयोग करून बघतो" म्हणून चालू नाणी तापवू, कापू नका. नकली चूक कशी दिसते ते शिकायचं असेल तर जुन्या बाजारात आधीच बिघडवलेली नाणी विकायला ठेवलेली असतात. तीच घेऊन भिंगाखाली बघा.

मुंबईला येणं झालं तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघा. टांकसाळही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तिथे एक पूर्ण दिवस काढा. अस्सल, नीट छापलेली नाणी डोळ्यांत भरपूर साठली असतील तर चुकलेलं नाणं ओळखायला वेळ लागत नाही.

आता तुम्ही एवढं करा. दोन रुपयांच्या नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड, असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा आणि वजन लिहून पाठवा. पाचच्या नाण्याला चुंबक लावा, पाटावर टाकून आवाज ऐका, आणि कडेच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूंनी सुई फिरवा. हलक्या हाताने, ओरखडा न पाडता. सुई कुठे अडली तर समजा कोणीतरी ते हाताने केलंय. ते गिऱ्हाइकाला देऊ नका, शिकण्यासाठी ठेवा. पण सुई कुठेच अडली नाही, आवाज खणखणीत आला आणि वजन सहाच्या आसपास भरलं, तर ते नाणं कुरिअरने पाठवू नका आणि कोणाला विकूही नका. मला कळवा, मी स्वतः सोलापूरला येऊन बघतो.